गुरुत्व गळतं का? अतिरिक्त मितींची चाचणी एका गुरुत्वीय लहरीवर, टप्प्याटप्प्यानं

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात परभणी, हिंगोली, नांदेडकडची दोन-तीन मुलं दरवर्षी हाच प्रकल्प घेऊन माझ्याकडे येतात. औंढा नागनाथला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा होणार म्हटल्यावर ओढ वाटणारच. विषय एका ओळीचा आहे: गुरुत्वीय लहर (अवकाशकाळातला तरंग) आपल्या तीन मितींबाहेर, एखाद्या लपलेल्या मितीत गळते का, ते निरीक्षणांवरून तपासायचं. पण उत्तरं दोनच प्रकारची येतात. एक तर "मिती ४.००२, म्हणजे आइन्स्टाइन अचूक", नाही तर "मिती ४.०९, म्हणजे पाचवी मिती सापडली". गंमत अशी, की ही दोन्ही उत्तरं एकाच निरीक्षणातून, एकाच सूत्रानं काढता येतात. कशी, ते पाचव्या टप्प्यापासून पुढे दिसेल.

पायथन थोडंफार येत असेल, नैसर्गिक लॉग म्हणजे काय ते ठाऊक असेल आणि साधा लॅपटॉप असेल तर एवढ्यावर काम होतं. महासंगणक लागत नाही. टप्पे मात्र याच क्रमानं घ्या. निम्म्या चुका क्रम उलटा केल्यानं होतात.

आधी चित्र डोक्यात बसवा

पैठणच्या नाथसागरातून निघणारा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. टेलच्या शेतकऱ्याला पाणी कमी मिळालं तर तो म्हणतो, "वाटेत गळती आहे." हे सिद्ध करायचं तर तीन गोष्टी लागतात: मुखाशी किती पाणी सुटलं, टेलला किती पोचलं, आणि गळती कुठून सुरू होते, म्हणजे अस्तरीकरण कुठपर्यंत शाबूत आहे. तिसरी गोष्ट माहीत नसेल तर "दर किलोमीटरला किती गळतं" हे सांगता येत नाही. एकूण तूट तेवढी सांगता येते.

आपलं कामही असंच आहे. लहर किती जोरात सुटली ते तिच्या वारंवारतेच्या चढत्या वेगावरून कळतं. किती पोचली ते शोधकांनी मोजलं. वाट किती लांब होती ते प्रकाशावरून कळतं. गळती कुठून सुरू होते, हे मात्र आपण गृहीत धरतो. ते गृहीतक अहवालात लिहायचं राहून जातं, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

टप्पा १: कोणता सिद्धांत तपासताय ते ठरवा

"अतिरिक्त मिती" म्हणजे एकच सिद्धांत नाही. तीन घराणी आहेत आणि प्रत्येकाला वेगळं निरीक्षण लागतं.

पहिल्या घराण्यात जादा मिती गुंडाळलेली आणि लहान असते. अर्कानी-हमेद, डिमोपौलोस आणि ड्वाली यांचा १९९८ चा आराखडा या प्रकारचा. टेबलावर करता येणाऱ्या पीळ-तराजूच्या प्रयोगांनी २०२० पर्यंत अशा एका मितीची त्रिज्या ३० मायक्रोमीटरच्या आत ढकलली आहे. शंभर हर्ट्झच्या गुरुत्वीय लहरीची लांबी सुमारे ३,००० किलोमीटर असते. ती ३० मायक्रोमीटरच्या फटीत गळून वाटेत क्षीण होईल, ही कल्पनाच चुकीची आहे. या घराण्यासाठी अतिनवताऱ्याचा (सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटाचा) रस्ता आहे, टप्पा ८ मध्ये.

दुसऱ्या घराण्यात मिती वाकवलेली असते: रँडल आणि सुंड्रम, १९९९. इथे जुने शोधनिबंध वाचताना सावध राहा. क्ष-किरण जोडताऱ्यातलं कृष्णविवर अजून टिकून आहे, एवढ्यावरून २००७ मध्ये ८० मायक्रोमीटरची मर्यादा काढली गेली. तिचा पाया असा होता, की या सिद्धांतात मोठी कृष्णविवरं झपाट्यानं विरून जातात. २०११ मध्ये संगणकीय गणितातून मोठी स्थिर कृष्णविवरं या सिद्धांतातही बसतात असं दिसलं आणि तो पाया डळमळला. मुलं अजूनही तो ८० चा आकडा बिनदिक्कत उतरवतात.

तिसऱ्या घराण्यात मिती मोठी, अगदी अनंत असते आणि गुरुत्व फार दूरवर गेल्यावरच गळू लागतं. ड्वाली, गाबादाद्झे आणि पोराती यांचा सिद्धांत इथला. या लेखातली मुख्य रीत या घराण्यासाठी आहे.

*इशारा:* इथे "मिती" हा आकडा अवकाश आणि काळ मिळून धरलेला आहे. नेहमीचं उत्तर ४ येतं, ३ नाही. एका वर्षी एका मुलानं ३ धरून सगळं गणित केलं आणि तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री त्याच्या ते लक्षात आलं.

टप्पा २: साहित्य गोळा करा

घटना एकच घ्यायची: जीडब्ल्यू१७०८१७. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर, १७ ऑगस्ट २०१७, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटं. हीच का? कारण तिची आकाशगंगा, एनजीसी ४९९३, खात्रीनं सापडली आहे. कृष्णविवरांच्या टकरी शेकड्यांनी नोंदल्या गेल्या तरी त्यांच्यासोबत प्रकाश येत नाही. मग वाटेची लांबी स्वतंत्रपणे कळत नाही आणि गळतीचा प्रश्नच विचारता येत नाही.

लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांच्या मुक्त विदा-केंद्रावरून पोस्टिरिअर नमुन्यांची (निरीक्षणाशी जुळणाऱ्या संभाव्य उत्तरांची) एचडीएफ५ फाइल उतरवा. कच्चा सिग्नल लागत नाही. हौस म्हणून घेतलात तर दोन खड्डे लक्षात ठेवा. एक, लिव्हिंगस्टनच्या शोधकात टकरीच्या साधारण १.१ सेकंद आधी मोठा खरखराट आहे, म्हणून साफ केलेली आवृत्तीच घ्या. दुसरा, फाइलीतला वेळ जीपीएसचा असतो आणि २०१७ मध्ये तो जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे होता.

फाइल उघडल्यावर चार गोष्टी वहीत लिहा:

१. कमी फिरकीचे (ताऱ्यांचं स्वतःभोवती फिरणं कमी धरलेले) नमुने वापरले की जास्त फिरकीचे. दोन्ही संच असतात: फिरकी ०.०५ पर्यंत धरलेला आणि ०.८९ पर्यंत धरलेला.
२. अंतराचा प्रायर (निरीक्षणाआधी धरलेली शक्यतांची वाटणी) कोणता. बहुतेक वेळा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, कारण दूर जावं तसं आकाशाचं घनफळ वाढतं.
३. आकाशातली जागा एनजीसी ४९९३ वर पक्की केली होती की मोकळी सोडली होती.
४. अंतर कुठल्या एककात आहे.

*तपासणी:* चर्प-वस्तुमानाचा (दोन्ही ताऱ्यांच्या वस्तुमानांचं मिश्रण, लहरीच्या वारंवारतेच्या चढत्या वेगावरून कळणारं) स्तंभ काढून मध्यक बघा. शोधकाच्या चौकटीत (पृथ्वीवर मोजल्याप्रमाणे, विश्वाच्या प्रसरणाचा परिणाम धरून) तो सूर्याच्या सुमारे १.१९८ पट यायला हवा. १.१८७ च्या आसपास आला तर तुम्ही स्रोताच्या चौकटीतला स्तंभ उचललाय. १.३७ किंवा १.६ आला तर तो एका ताऱ्याच्या वस्तुमानाचा स्तंभ आहे.

टप्पा ३: प्रकाशाचं अंतर, लहरीकडे न बघता

याला आपण "प्र" म्हणू. नियम एकच: या टप्प्यात गुरुत्वीय लहरीतून आलेली कुठलीही माहिती वापरायची नाही.

रस्ते दोन आहेत. पहिला थेट आहे: आकाशगंगेच्या पृष्ठदीप्तीतल्या बारीक चढउतारांवरून २०१८ मध्ये ४०.७ मेगापारसेक (एक मेगापारसेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं) हे अंतर निघालं, यादृच्छिक त्रुटी १.४ आणि पद्धतीची त्रुटी १.९. दोन्ही वर्ग करून मिळवा, वर्गमूळ काढा, २.४ येतं.

दुसरा रस्ता वेगाचा. एनजीसी ४९९३ ज्या गटात आहे त्या गटाचा वेग, विश्वाच्या सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणाच्या चौकटीत, ३,३२७ किलोमीटर प्रतिसेकंद. पण हा सगळा वेग विश्वाच्या प्रसरणाचा नाही. शेजारच्या वस्तुमानांच्या ओढीमुळे त्यात सुमारे ३१० ची भर पडली आहे. ती वजा केली की ३,०१७ उरतात, त्रुटी १६६. याला हबल स्थिरांकानं (दर मेगापारसेकला प्रसरणाचा वेग किती वाढतो तो आकडा) भागा:

स्थिरांक ७३.२४ घेतला तर प्र = ४१.२ मेगापारसेक.
स्थिरांक ६७.७४ घेतला तर प्र = ४४.५ मेगापारसेक.

दोन्हींनी गणित करा आणि दोन्ही उत्तरं द्या. या दोन स्थिरांकांचं भांडण अजून मिटलेलं नाही. तुमच्या प्रकल्पातही ते मिटणार नाही.

*इशारा, सगळ्यात महत्त्वाचा:* हबल स्थिरांक ७० घेऊ नका. "मधला आकडा" म्हणून तो सोयीचा वाटतो, पण याच घटनेच्या गुरुत्वीय लहरीवरून काढलेला स्थिरांकही ७० च आहे, आणि तो काढताना लहर गळत नाही असं गृहीत धरलं होतं. जे सिद्ध करायचं तेच आधी मान्य करायचं, मग सिद्ध झालं म्हणायचं! चोरालाच पंच नेमल्यासारखं आहे हे.

*तपासणी:* ३१० वजा न करता एकदा गणित करून बघा. प्र ४५.४ येतो आणि शेवटी मिती ४ च्या वरून ४ च्या खाली जाते. एवढीशी दुरुस्ती उत्तराची दिशा फिरवते. तुमच्या आकडेमोडीत हा फरक पडला नाही, तर कुठेतरी वेग दोनदा दुरुस्त झालाय.

टप्पा ४: लहरीचं अंतर, प्रकाशाकडे न बघता

याला "ग" म्हणू. मूळ विश्लेषणात, आकाशातली जागा माहीत धरून, ४३.८ मेगापारसेक आलं. वरची त्रुटी २.९, खालची ६.९. दोन बाजूंच्या त्रुटी इतक्या वेगळ्या का, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कारण आहे कक्षेचा कल. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात ती पातळी आपल्याकडे सपाट वळलेली असेल तर लहर पूर्ण जोरात येते. तिरपी असेल तर दुबळी. आता कल ३० अंशांचा धरा. त्याची कोज्या ०.८६६. लहरीच्या एका ध्रुवणाचा (तिच्या ताणण्याच्या दोन तऱ्हांपैकी एकीचा) जोर (१ + कोज्याचा वर्ग) ÷ २, म्हणजे ०.८७५ होतो. दुसऱ्याचा कोज्याइतका, म्हणजे ०.८६६. दोन्ही जवळजवळ सारखेच घटले! म्हणून शोधकाला "थोडी तिरपी पण जवळची" आणि "सरळ पण दूरची" यांतला फरक कळत नाही. फक्त कलामुळे अंतरात १३ टक्क्यांचा झोल होतो, आणि तेवढ्यानं मितीचा आकडा ०.०७ नं हलतो. तुम्ही शोधताय ती गळतीही एवढीच आहे.

औंढ्याची वेधशाळा इथेच कामाची ठरणार. लायगोचे अमेरिकेतले हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टनचे शोधक जवळजवळ एकाच दिशेनं मांडलेले आहेत, त्यामुळे दोघांना बहुतांशी एकच ध्रुवण दिसतं. वेगळ्या कोनात बसलेला आणखी एक संवेदनशील शोधक आला की कल आणि अंतर यांची गाठ सुटायला मदत होते.

इथे तीन चुका पुन्हा पुन्हा होतात.

पहिली चूक: कलाचा एकच आकडा ठरवून टाकणं. "तीस अंश धरले" असं वहीत लिहिलेलं दिसलं की मी पान उलटायला सांगते. अंतर आणि कल यांचे नमुने जोडीनं येतात. जोडी तोडू नका.

दुसरी चूक: कल १५० अंशांच्या आसपास दिसतो म्हणून घाबरणं. या घटनेत कक्षेचा कोन ९० च्या पुढे आहे, म्हणजे तारे आपल्या बाजूनं बघता घड्याळाच्या दिशेनं फिरत होते. "पाहण्याचा कोन" हवा असेल तर १८० मधून वजा करा. जोराच्या सूत्रात वर्ग असल्यानं पहिल्या ध्रुवणात फरक पडत नाही, दुसऱ्यात चिन्ह बदलतं.

तिसरी चूक सगळ्यात लबाड आहे. कलाचे काही प्रसिद्ध आकडे प्रकाशाचं अंतर गृहीत धरून काढलेले असतात. असा कल उचलून "ग" सुधारला, तर प्र मागच्या दारानं ग मध्ये शिरतो आणि दोन्ही जुळणारच. रेडिओ दुर्बिणींनी टकरीतून सुटलेल्या फवाऱ्याची (जेटची) हालचाल मोजून काढलेला कोन वापरता येतो, कारण तो मुळात लहरीवर अवलंबून नाही. पण तो वापरलात तर तसं स्पष्ट लिहा, आणि त्यात कुठलं अंतर धरलं होतं तेही.

शोधकाच्या मापांकनाची त्रुटी नमुन्यांमध्ये आधीच मिसळलेली असते. ती पुन्हा वरून घालू नका.

टप्पा ५: गळतीचं सूत्र आणि एककाचा सापळा

मिती "मि" असतील तर लहरीचा जोर अंतराच्या (मि − २) ÷ २ या घातांकानं घटतो. मि = ४ असेल तर घातांक १, म्हणजे नेहमीचंच: अंतर दुप्पट, जोर निम्मा. गळती असेल तर लहर जास्त दुबळी होते आणि आपल्याला ती जास्त दूरची वाटते. म्हणजे ग हा प्र पेक्षा मोठा येतो. सूत्र असं लिहा:

ग = प्र × (प्र ÷ क) ^ ((मि − ४) ÷ २)

म्हणून,

मि = ४ + २ × लॉग(ग ÷ प्र) ÷ लॉग(प्र ÷ क)

इथला "क" म्हणजे गळती जिथून सुरू होते ते अंतर. कालव्याच्या अस्तरीकरणाचं शेवटचं टोक.

मुलं काय करतात? प्रसिद्ध निबंधात "जोर म्हणजे एक भागिले अंतराचा गॅमा घात" एवढंच वाचतात आणि लॉग(ग) ला लॉग(प्र) नं भागतात. अंतर मेगापारसेकमध्ये घातलं की नकळत क = १ मेगापारसेक होतं. किलोपारसेकमध्ये घातलं की क = १ किलोपारसेक. मीटरमध्ये घातलं की क = १ मीटर! ग = ४३.८ आणि प्र = ४१.२ हेच आकडे ठेवून बघा:

मेगापारसेक: मि = ४.०३
किलोपारसेक: मि = ४.०१
मीटर: मि = ४.००२

लेखाच्या सुरुवातीचं "आइन्स्टाइन अचूक" इथून आलं. त्या मुलीनं शिस्तीत सगळं एसआय एककात बदललं होतं. बारावीपासून आपणच हे शिकवलंय, तिचा काय दोष? पण लॉगच्या आत एकक असलेली राशी जाऊच शकत नाही. जाते तेव्हा कुठलं तरी मापनपट्टीचं अंतर लपून बसलेलं असतं. ते बाहेर काढा, त्याला "क" नाव द्या आणि उत्तरासोबत छापा.

*तपासणी:* त्रुटींसह आकडे पडताळून घ्या. क = १ मेगापारसेक, प्र = ४१.२. ग = ३६.९ घातलं तर मि = ३.९४ यावी, ग = ४६.७ घातलं तर ४.०७. प्र = ४४.५ धरला तर मधलं उत्तर ३.९९. या घटनेवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल पहिल्या स्थिरांकासाठी ४.०२ (अधिक ०.०७, उणे ०.१०) आणि दुसऱ्यासाठी ३.९८ (अधिक ०.०७, उणे ०.०९) होता. तुमचं हातचं गणित त्याच्या आसपास आलं पाहिजे. तंतोतंत आलं तर मात्र शंका घ्या, कारण पूर्ण वितरण अजून वापरलेलंच नाही.

टप्पा ६: पूर्ण वितरण आणि वजनं

आता नमुन्यांवर या.

१. ग चे सगळे नमुने घ्या.
२. प्रत्येकासोबत प्र चा एक यादृच्छिक आकडा काढा. वेगाच्या रस्त्यानं ४१.२ आणि त्रुटी २.५ (वेगाची आणि स्थिरांकाची मिळून), किंवा थेट रस्त्यानं ४०.७ आणि २.४.
३. प्रत्येक जोडीची मि काढा.
४. प्रत्येक मि ला वजन द्या.
५. वजनासह आलेख काढा, मध्यक आणि ६८ टक्क्यांची पट्टी वाचा.

चौथी पायरी जवळजवळ प्रत्येक जण गाळतो. नमुन्यांत अंतराच्या वर्गाचा प्रायर आधीच शिजलेला आहे, तो काढायचा तर प्रत्येक नमुन्याला ग च्या वर्गानं भागावं लागतं. शिवाय ग वरून मि कडे जाताना मोजपट्टी ताणली जाते. मि चा प्रायर सपाट हवा असेल तर आणखी एकदा ग × लॉग(प्र ÷ क) नं भागायचं. एकूण वजन झालं १ ÷ (ग चा घन × लॉग(प्र ÷ क)). वजन न देता काढलेली मि थोडी फुगलेली येते, कारण घनफळाचा प्रायर अंतर ओढून मोठं करतो आणि तेच गळतीसारखं दिसतं. "पाचवी मिती सापडली" वाल्यांनी अंतर फुगू दिलं होतं आणि क मोठा धरला होता.

*इशारा:* वजन दिल्यावर मोजक्याच नमुन्यांवर सगळा भार पडत नाही ना, ते पाहा. वजनांच्या बेरजेचा वर्ग भागिले वजनांच्या वर्गांची बेरीज, हा परिणामी नमुन्यांचा आकडा. तो काही हजारांच्या खाली घसरला तर आलेखाच्या शेपट्यांवर विश्वास ठेवू नका.

टप्पा ७: खोटी घटना बनवून चाचणी

खऱ्या आकड्यांकडे जाण्याआधी हे करायला हवं होतं, पण सूत्र हातात आल्याशिवाय ते समजत नाही, म्हणून इथे ठेवलं. ग च्या जागी प्र च टाका: मि नेमकी ४ यायला हवी. मग मि = ४.१ मानून ग बनवा, ४९.६ मेगापारसेक येतो. तो तुमच्या आज्ञावलीत घाला, ४.१ परत मिळाले पाहिजेत.

आणि एकदा मि = ५ घालून बघाच. ग २६४ मेगापारसेक येतो! या घटनेचा सिग्नल-गोंगाट गुणोत्तर ३२.४ होता. पाचवी मिती १ मेगापारसेकपासून सरळ उघडी असती तर तो साडेपाचच्या आत आला असता आणि घटना बहुधा नजरेतूनच सुटली असती. हा एक आकडा मुलांना सगळ्या आलेखांपेक्षा जास्त सांगून जातो.

यापुढची पायरी पडद्याची, म्हणजे जवळच्या अंतरावर गळती झाकलेली राहते त्याची. खऱ्या सिद्धांतात गळती एका क्षणात सुरू होत नाही. सूत्र असं होतं:

ग = प्र × [१ + (प्र ÷ क)^न] ^ ((मि − ४) ÷ (२ × न))

"न" म्हणजे बदल किती झटक्यात होतो. इथे प्रश्न उलटा विचारतात: मि = ५ पक्की धरायची आणि क किमान किती असला पाहिजे ते काढायचं. ग ची वरची मर्यादा ४६.७ धरली तर न = १ साठी क सुमारे १४४ मेगापारसेकच्या वर हवा. न = १० साठी ३२ च्या वर पुरतो. न सांगितल्याशिवाय क ची मर्यादा सांगणं म्हणजे भाव न ठरवता कापूस घालण्यासारखं आहे.

आणि तिसऱ्या घराण्यातल्या ड्वाली, गाबादाद्झे, पोराती यांच्या मूळ सिद्धांताचं काय? विश्वाचं प्रवेगी प्रसरण समजावण्यासाठी त्यात क साधारण ४,००० मेगापारसेक घेतला होता. न = १ धरून ४१ मेगापारसेकवर त्याची गळती अर्धा टक्का भरते. आपली त्रुटी त्याच्या दहा-पंधरा पट. तेव्हा "या घटनेनं तो सिद्धांत खोडला" असं लिहू नका. ही घटना त्याच्याबद्दल गप्प आहे.

टप्पा ८: मिती गुंडाळलेली असेल तर

हा वेगळा रस्ता आहे, थोडक्यात सांगते. २३ फेब्रुवारी १९८७ ला मोठ्या मॅजेलानिक मेघातल्या अतिनवताऱ्याचे न्यूट्रिनो पृथ्वीवरच्या तीन शोधकांत पोचले: कामिओकांडे-२ मध्ये ११, आयएमबी मध्ये ८, बक्सानमध्ये ५. ते सुमारे बारा सेकंद येत राहिले. गाभ्याची उष्णता जादा मितीत गुरुत्वकणांमधून निसटली असती तर हा झरा लवकर आटला असता. म्हणून अट घालतात: दर ग्रॅमला दर सेकंदाला १० चा १९ वा घात अर्गपेक्षा जास्त ऊर्जा निसटता कामा नये.

*तपासणी:* गाभा सूर्याएवढा, २ × १०^३३ ग्रॅम धरा आणि दहा सेकंद मोजा. २ × १०^५३ अर्ग येतात. न्यूट्रिनोंनी नेलेली एकूण ऊर्जा ३ × १०^५३ च्या घरात होती. अट कुठून आली ते इथे दिसतं.

चुका दोन होतात. एक तापमानाची: दोन जादा मितींसाठी निसटणारी ऊर्जा तापमानाच्या साडेपाचव्या घातानं वाढते. गाभा ३० ऐवजी ४० एमईव्ही धरला की ऊर्जा जवळजवळ पाचपट होते, आणि मूलभूत ऊर्जापातळीवरची (जिथे गुरुत्व इतर बलांइतकं जोरदार होतं त्या पातळीवरची) मर्यादा दीडपट कडक दिसते. म्हणून तापमान छापल्याशिवाय मर्यादा छापू नये.

दुसरी व्याख्येची. दोन जादा मिती, ऊर्जापातळी १ टीईव्ही. पूर्ण प्लांक वस्तुमान घेतलं तर त्रिज्या २.४ मिलिमीटर. लघुकृत (८ पाय च्या वर्गमूळानं भागलेलं) घेतलं तर ०.४८. परिघ धरून २ पाय नं भागलं तर ०.०७६. तिन्ही बरोबर, तिन्ही निबंधांत सापडतात. दोन निबंधांच्या मर्यादा एकाच आलेखावर ठेवण्याआधी व्याख्या जुळवा. पडताळा म्हणून एकच जादा मिती घालून बघा: लघुकृत वस्तुमानानं त्रिज्या सूर्य-पृथ्वी अंतराच्या सात-आठ पट येते. ग्रहांच्या कक्षा तेव्हाच बिघडल्या असत्या, म्हणून ती शक्यता पहिल्याच दिवशी बाद होते.

न्यूट्रॉन ताऱ्यांभोवती अडकलेले गुरुत्वकण विघटन पावून गॅमा किरण देतील, या कल्पनेवर फर्मी दुर्बिणीच्या चमूनं २०१२ मध्ये दोन मितींसाठी ८.७ नॅनोमीटरची मर्यादा दिली. प्रयोगशाळेच्या मायक्रोमीटरांपुढे ती फारच कडक आहे. पण ते कण दुसऱ्या कुठल्या वाटेनं विघटन पावत असतील तर मर्यादा सैल होते. प्रयोगशाळेच्या आकड्याला ही अट लागत नाही. दोन्ही शेजारी लिहा, पण एका रांगेत मोजू नका.

टप्पा ९: निकाल कसा लिहायचा

वाक्य असं हवं: "क = १ मेगापारसेक धरून, कमी फिरकीचे नमुने, हबल स्थिरांक अमुक, मि चा प्रायर सपाट; या अटींवर मि = इतकी, ६८ टक्क्यांची पट्टी इतकी ते इतकी." यातली एक अट जरी गळली तरी दुसऱ्या कुणाला तुमचं उत्तर परत काढता येत नाही. यादृच्छिक आकड्यांचं बीज, फाइलीचं पूर्ण नाव आणि उतरवल्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर ठेवा. परीक्षेच्या आठवड्यात लाइट जाते, हॉटस्पॉट रांगतो आणि तेव्हा फाइल पुन्हा शोधत बसणं परवडत नाही.

बाहेरचे परीक्षक एक प्रश्न हमखास विचारतात: "क एकच का? दहा मेगापारसेक का नाही?" उत्तर पाठ करू नका, तक्ता तयार ठेवा. क = १० धरलं तर त्याच आकड्यांतून मि = ४.०९ येते आणि पट्टी ३.८४ ते ४.१८ अशी रुंदावते. चार अजूनही आतच आहे. तो तक्ता त्यांच्यापुढे सरकवा.